बांधलेलं स्टील सोडायला लागलं की टोळीही सुटते

प्रश्न : पिंपरी-चिंचवडमध्ये एका बारा मजली इमारतीवर मी साइट इंचार्ज आहे. पाचव्या स्लॅबचं स्टील बांधून झालं होतं, दोन दिवसांत काँक्रीट पडणार होतं. त्या संध्याकाळी आर्किटेक्टच्या ऑफिसातून नवा नकाशा आला. चार फ्लॅटमधलं मास्टर बेडरूमचं टॉयलेट समोरच्या भिंतीला गेलं, म्हणजे संकन स्लॅब (टॉयलेटखाली पाइपांसाठी खोलगट घेतलेला भाग) हलला. चार महिन्यांतली ही तिसरी वेळ. स्टील बांधणाऱ्या फिटरच्या टोळीतल्या चौदा जणांपैकी सहा जण दुसऱ्या साइटवर निघून गेले. सेंटरिंगचा, म्हणजे काँक्रीटखाली फळ्या आणि टेकू लावणाऱ्या टोळीचा मुकादम तोंडावर म्हणतो, ‘साहेब, आधी फायनल करा, मग बोलवा.’ मालक म्हणतात, पोरांना बिर्याणी घाला, खूश होतील. उरलेल्यांची उमेद टिकवायची कशी? — एक साइट इंजिनिअर

उत्तर :

तुमच्या मुकादमाचं वाक्य उर्मटपणा म्हणून ऐकू नका. तो तुम्हाला अट सांगतोय, आणि ती रास्त आहे. नकाशे बदलतात हे साइटवर आयुष्य काढलेल्या माणसाला नवं नसतं. त्याला खटकतं ते वेगळंच. सोडलेलं काम कोणाच्याच मापात धरलं जात नाही, आणि आज पुन्हा बांधलेलं परवा पुन्हा सोडायला लागणार नाही याची हमी कोणी देत नाही. म्हणून उमेदीचा विषय जरा बाजूला ठेवू आणि आधी हिशेबाला बसू.

तुमच्या त्या चारपैकी एक खोली घ्या. धरा ४.२ मीटर बाय ३.३ मीटर. मुख्य सळई १० मिमी, १५० मिमी अंतरावर. अशा २९ सळ्या, प्रत्येकी ३.९ मीटर, म्हणजे सुमारे ११३ मीटर. १० मिमीचं वजन मीटरला ०.६१७ किलो, म्हणजे झाले ७० किलो. आडवी ८ मिमी, २०० मिमीवर : १८ सळ्या, प्रत्येकी ४.८ मीटर, ०.३९५ च्या हिशेबानं ३४ किलो. खोलीचं एकूण १०४ किलो. फिटरची मजुरी टनावर असते. उदाहरणापुरता किलोला १० रुपये दर धरला तर एका खोलीचे १,०४० रुपये. आता बांधलेलं सोडा, लांबीप्रमाणे सळ्या वेगळ्या लावा, सेंटरिंगवाले संकनचा डबा हलवेपर्यंत थांबा, पुन्हा बांधा. यात दोन फिटर आणि दोन हेल्परचा अख्खा दिवस जातो. हजेरी ९०० आणि ६०० धरली तरी ३,००० रुपये. चार खोल्यांना बारा हजारांचं काम आणि टनाच्या मापानं हातात चार हजार १६०. तेही कोणी दुसऱ्यांदा माप घेतलं तर. बहुतेक साइटवर बिलात शेवटच्या नकाशाचं वजन एकदाच लागतं, म्हणजे दुबार कामाचे शून्य. दुबार पेरणीचं बियाणं कोणाच्या खिशातून, एवढाच हा प्रश्न आहे, आणि आतापर्यंत ते मुकादमाच्या खिशातून गेलंय. त्यानं पोरांना गावाहून आणताना उचल दिलेली असते. ती फिटत नाही असं दिसलं की तो पोरं दुसरीकडे वळवतो. तुमचे सहा जण बहुधा असेच गेले.

यावर उपाय एकच. सोडणं आणि पुन्हा बांधणं टनावर मोजायचंच नाही, हजेरीवर मोजायचं. नव्या नकाशाप्रमाणे झालेल्या पक्क्या कामाचं टनाचं माप बिलात एकदा नेहमीसारखं लागेलच. दुबार कामाला मात्र रोजचा एक वेगळा कागद ठेवा : तारीख, नकाशा क्रमांक आणि त्याचा सुधारणा क्रमांक, कोणती खोली, माणसांची नावं, फिटर की हेल्पर, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, किती बाइंडिंग वायर गेली, कुठली प्लाय कापली. त्याच संध्याकाळी त्यावर मुकादमाची आणि तुमची सही झाली पाहिजे. शनिवारी सगळ्याच्या एकदम सह्या करू म्हणाल तर तोवर मुकादमाच्या हिशेबात आठ माणसं होतात आणि तुमच्या हिशेबात पाच. मग दोघांचंही खरं असतं आणि भांडण मिटत नाही.

सोडायच्या आधी संयुक्त माप घ्या. तुम्ही, मुकादम आणि मालकाच्या किंवा सल्लागाराच्या बाजूचा एक माणूस, असे तिघे. टेप लावून, पाटीवर खोलीचं नाव आणि तारीख लिहून फोटो काढा. अर्धा तास जातो. स्टील एकदा सुटलं की ते बांधलेलं होतं याचा पुरावा उरत नाही.

फिटरचा तोटा डोळ्यांना दिसतो, सेंटरिंगवाल्याचा दिसत नाही. माल त्याचा असतो. आठ बाय चारची फिल्मफेस प्लाय नव्या संकनसाठी कापली की त्या शीटचं पुढचं आयुष्य अर्ध्यावर येतं. त्याची मजुरी स्लॅबच्या क्षेत्रफळावर असते, म्हणजे प्लेटा आणि टेकू जितक्या लवकर पुढच्या मजल्यावर जातील तितकं त्याचं पोट भरतं. स्लॅब पाच दिवस लांबला तर त्याचा सगळा माल पाच दिवस अडकतो आणि त्याचं भाडं त्याला कोणी देत नाही. त्याच्याशी दोन गोष्टी लिहून ठरवा : बदलामुळे कापल्या गेलेल्या शीटची भरपाई, आणि तीन दिवसांपेक्षा जास्त खोळंबा झाला तर रोजचा ठराविक खोळंबा भत्ता. आकडा वाटाघाटीनं ठरेल. पण तो ठरलेला असला की ‘मग बोलवा’ हे वाक्य पुन्हा ऐकू येणार नाही.

आता मालकाचं. तोंडी सांगितलेला बदल हा बदल नव्हे, हे तुम्हाला नम्रपणे पण ठामपणे रुजवावं लागेल. साइट इन्स्ट्रक्शनची तीन प्रतींची वही ठेवा. प्रत्येक बदलाला क्रमांक, कोणी सांगितलं, कोणता नकाशा, अंदाजे दिवस आणि खर्च, आणि खाली मालकाची किंवा त्यांनी नेमलेल्या माणसाची सही. सही नाही तर सुरुवात नाही. ‘साहेब, सही आली की सकाळी लगेच सोडायला घेतो’ असं म्हटलं की त्यात नकारही नसतो आणि घाईही. वरच्या चार खोल्यांचं पान त्यांच्यासमोर ठेवा : दुबार मजुरी बारा हजार, प्लाय, वायर, रद्द करावं लागलेलं आरएमसीचं (तयार काँक्रीटचं) बुकिंग, पुढे गेलेले दिवस. बदल फुकट असतो असं ज्यांना वाटतं त्यांनी असं पान सहसा पाहिलेलं नसतं.

मालकांना आठवण करून द्यायची आणखी एक गोष्ट आहे. ते चार फ्लॅट विकले गेले असतील तर रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार त्या फ्लॅटचा मंजूर आराखडा त्या ग्राहकाच्या पूर्वसंमतीशिवाय बदलता येत नाही. किरकोळ बदलांना सूट आहे, पण तीही ग्राहकानं मागितलं किंवा अधिकृत आर्किटेक्ट वा इंजिनिअरनं कारणासह शिफारस केली आणि ग्राहकाला रीतसर कळवलं तरच. इमारतीच्या किंवा सामाईक जागांच्या बदलाला दोन तृतीयांश ग्राहकांची लेखी संमती लागते. हा धाक म्हणून वापरू नका. ‘संमती आलीय ना, म्हणजे पुन्हा फिरायला नको’ असं विचारा. बरेच बदल या प्रश्नापाशीच थांबतात.

सगळ्यात जास्त ताकद लावायची ती बदलबंदीच्या तारखेवर. प्रत्येक स्लॅबला काँक्रीटच्या तारखेच्या बारा दिवस आधीची तारीख ठरवा. बाराच दिवस का? नकाशावरून बीबीएस (सळ्यांच्या मापांची आणि वाकवण्याची यादी) काढून तपासायला दोन-तीन दिवस, आणि काँक्रीटच्या सहा-सात दिवस आधी यार्डात कटिंग सुरू झालेलं असतं. मधले दोन दिवस प्लंबर आणि इलेक्ट्रिशियननं त्याच नकाशावर आपापले स्लीव्ह (पाइपासाठीची भोकं) आणि कंड्युट (वायरच्या नळ्या) टाकून बघायला. त्या तारखेनंतर आलेला बदल पुढच्या स्लॅबपासून. अपवाद फक्त स्ट्रक्चरल चूक किंवा सुरक्षिततेचा. साइट ऑफिसबाहेर पांढऱ्या बोर्डवर मजला, नकाशाचा सुधारणा क्रमांक, बदलबंदीची तारीख आणि काँक्रीटची तारीख लिहा. आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल डिझायनर आणि मालकाचे प्रतिनिधी यांच्या सह्या असलेला कागद बाजूला चिकटवा. मुकादमाला ‘फायनल’ हवं होतं ते हेच. बोर्डवरची तारीख दोन स्लॅब पाळली गेली की तो आपणहून विचारायला लागतो, ‘सहाव्याचं लॉक झालं का?’

जिथे टॉयलेटची जागा मालकाच्या मनात पक्की नाही तिथे स्ट्रक्चरल डिझायनरला विचारून बघा, दोन्ही जागी संकन ठेवता येईल का, म्हणजे नको असलेली जागा नंतर भरता येईल. पण भराव कशाचा हे त्यांच्याकडूनच लिहून घ्या. ३०० मिमी जाडीचा विटांच्या तुकड्यांचा कोबा चौरस मीटरला ५०० किलोच्या आसपास जातो, आणि राहत्या खोलीचा वापरभार धरलेला असतो २०० किलो. एएसी ब्लॉकच्या (हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या विटांच्या) भरावाला तोच आकडा १८० च्या घरात येतो. मुकादमाच्या सल्ल्यानं परस्पर विटा भरून मोकळं होणं, हे मात्र नको.

नकाशांच्या प्रतींबद्दल थोडं कडक बोलतो. ज्या साइटवर व्हॉट्सॲपवर नकाशे फिरतात तिथे तीनपैकी एक तरी टोळी जुन्या नकाशावर काम करत असते. फोटोत कडा कापली जाते, सुधारणा क्रमांक नेमका त्या कोपऱ्यात असतो. शिक्का मारलेली कागदी प्रत हीच कामाची प्रत. ती देताना जुनी परत घ्या, तिच्यावर ‘रद्द’ मारा, रजिस्टरात सही घ्या. आणि नकाशा सुधारला की बीबीएसही त्याच दिवशी सुधारा. नेहमीची चूक इथेच होते. स्लॅबवर नवा नकाशा पोचतो आणि यार्डात कटिंग करणारा जुन्याच यादीवर दोन दिवस सळ्या कापत बसतो. मग ‘पुन्हा चुकीचं’ हा शिक्का त्या पोरावर बसतो, ज्याची यात काडीची चूक नाही.

बदल सांगायचा कसा, तेही महत्त्वाचं. आधी मुकादमांना ऑफिसात बोलवा, खुर्चीवर बसवून सांगा. स्लॅबवर सगळ्यांसमोर त्यांना कळता कामा नये, नाहीतर त्यांची टोळीतली पत जाते. ज्युनिअर इंजिनिअरला किंवा सुपरवायझरला ही बातमी द्यायला पाठवू नका. शिव्या त्यांनी खायच्या आणि निर्णय तुम्ही घ्यायचा, अशानं तुमची ऑफिसची माणसंही खचतात. मग सकाळी काम सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं सगळ्यांना गोळा करा. टोळी बिहार-झारखंडची असेल तर हिंदीत सांगा, आणि थोडक्यात : ‘ड्रॉइंग बदला है, आपके काम में गलती नहीं है। खोलने की और दुबारा बाँधने की हाजिरी अलग लगेगी। शाम को कागज पर साइन होगा।’ कारण माहीत असेल तर तेही सांगा. ग्राहकानं मागितलं, ड्रेनेजचा पाइप बीमला अडत होता, जे असेल ते. खोटं कारण दोन दिवसांत उघडं पडतं, कारण आर्किटेक्टच्या ऑफिसातला प्यून आणि तुमचा स्टोअरकीपर एकाच टपरीवर चहा पितात.

तोडणार कोण, यातही फरक करा. स्टील ज्या फिटरनं बांधलं त्यानंच सोडावं. परका माणूस गाठ सोडण्याऐवजी सळईच कापतो आणि सरळ सळ्या भंगारात जातात. भिंतीचं उलट आहे. गवंड्यानं ओळंब्यात उभी केलेली भिंत त्यालाच घण मारून पाडायला लावू नका, त्यासाठी वेगळे बिगारी लावा आणि गवंड्याला दुसऱ्या मजल्यावर पाठवा. हजेरी सारखीच पडते, पण त्या माणसाची पुढची भिंत बघा.

पाठवायला दुसरं काम मात्र हाताशी हवं. प्रत्येक टोळीसाठी किमान दोन दिवसांचं राखीव काम वहीत लिहून ठेवा. फिटरला पुढच्या मजल्याच्या कॉलमच्या रिंगा, जिन्याचं स्टील, लिंटेल आणि छज्जे, म्हणजे जिथे बदल संभवत नाही अशा गोष्टी. सेंटरिंगला जिन्याचा तिरका (वेस्ट) स्लॅब, पॅरापेट, प्लेटांची साफसफाई आणि ऑइलिंग. एवढं करूनही एखादा दिवस रिकामा गेलाच तर निदान अर्धी हजेरी द्या. टनावर काम करणारी टोळी तीन दिवस बसली की चौथ्या दिवशी साइटवर नसते, आणि नवी टोळी आणून रुळवायला लागणारा वेळ त्या अर्ध्या हजेरीपेक्षा फार महाग पडतो.

दुबार बांधलेल्या स्लॅबची तपासणी पहिल्यापेक्षा बारकाईनं करा. कंटाळलेल्या हातांकडून ठरावीक चुका होतात. सोडलेली सळई पुन्हा वापरताना ती नव्या जागी आखूड पडते आणि कोणी बोलत नाही. लॅपची, म्हणजे दोन सळ्या जिथे एकमेकींशेजारी जोडून बांधतात त्या भागाची, लांबी नकाशावरच्या टिपेप्रमाणे मोजा. एम२५ प्रतीचं काँक्रीट आणि एफई५०० प्रतीच्या सळईला ती साधारण व्यासाच्या ५० पट येते, म्हणजे १० मिमीला ५०० मिमी. एकदा वाकवलेली सळई सरळ करून त्याच जागी पुन्हा वाकवू देऊ नका. ती छज्ज्याला किंवा आडव्या सळईला कापून वापरा. नव्या संकनच्या तळाला कव्हर ब्लॉक (सळई फळीपासून वर ठेवणारे ठोकळे) लावायचे राहून जातात, वरची जाळी उचलून धरणाऱ्या सळईच्या घोड्या तुडवून चपट्या झालेल्या असतात, आणि हलवलेल्या टॉयलेटचा स्लीव्ह जुन्या जागीच राहतो. हा शेवटचा काँक्रीटनंतर कोअर कटिंगनं, म्हणजे मशिननं भोक पाडूनच निस्तरतो, आणि तिथे बीम आला तर तोही मार्ग बंद. काढलेल्या फळ्यांचे खिळे त्याच वेळी उपटायला किंवा वाकवायला लावा. दुबार कामात पायात खिळा घुसण्याचे प्रसंग सर्रास होतात, आणि टिटॅनसच्या इंजेक्शनला जाणारा माणूस बहुतेक वेळा परत येताना दुसऱ्या साइटची चौकशी करून येतो.

गेलेले दिवस भरून काढायला रात्रपाळी लावायचा मोह होईल. एखाद-दुसरा दिवस दोन तास जास्त, तेही कायद्याप्रमाणे दुप्पट दरानं आणि रात्रीच्या जेवणासकट, इथपर्यंत ठीक. त्यापुढे नको. आणि टेकू लवकर काढून दिवस वाचवायचा विचारही करू नका. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांआधी आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवसांआधी काढायचे नसतात. बीमला सहा मीटरपर्यंत १४ आणि पुढे २१ दिवस. हे आकडे साध्या ओपीसी सिमेंटचे आहेत. तुमच्या आरएमसीत फ्लायॲश असेल, आणि बहुधा असेलच, तर जास्त थांबा. आपल्या पायाखालचा स्लॅब वेळेआधी मोकळा केलाय हे सेंटरिंगवाल्याला कळतं, आणि साइटवरचा विश्वास त्या दिवशी संपतो.

पैशाची तारीख चुकवू नका. शनिवारची खर्ची (आठवड्याची उचल) शनिवारीच. एक्स्ट्रा आयटमचं बिल मालकाकडून सुटायला महिना-दोन महिने लागतील, तोवर दुबार कामाची हजेरी अडवून ठेवली तर वर सांगितलेल्या सगळ्या कागदांना काही अर्थ नाही. मालकांकडून एका स्लॅबच्या दुबार मजुरीइतकी रक्कम आगाऊ मागून साइटवर वेगळी ठेवा आणि त्यातून दर आठवड्याला फेडा. बिर्याणीला आमची हरकत नाही, पण ती हजेरीच्या ऐवजी नव्हे.

गेलेल्या सहा जणांचा हिशेब आधी पूर्ण चुकता करा, परत येण्याची अट न घालता. ‘आलात तर देतो’ म्हणून अडवलेले पैसे साऱ्या नाक्यावर माहीत होतात. त्यांनी तुमच्याकडे ९० दिवस भरले असतील तर तसा दाखला ठेकेदाराच्या सहीनं द्या. राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव नोंदवायला गेल्या बारा महिन्यांतल्या ९० दिवसांच्या कामाचा दाखला लागतो, आणि तो मिळवायला कामगार महिनोन्‌महिने फिरत असतात. तुम्हाला एक कागद आणि दहा मिनिटं खर्च येतो. उरलेल्या आठ जणांनाही हे दाखले याच आठवड्यात द्या, ते मागायची वाट पाहू नका.

आणि पुढच्या दोन-तीन स्लॅबच्या तारखा बोर्डवर लिहायच्या आधी मुकादमाला विचारा, दिवाळी आणि छठला गावी कोण कोण जाणार. छठ दिवाळीनंतर सहाव्या दिवशी येते, आणि बिहारचा फिटर त्या आठवड्यात थांबत नाही, कितीही दर द्या. काँक्रीटची तारीख त्या आठवड्यात पडत असेल तर आताच पुढे-मागे करा, आणि त्या स्लॅबची बदलबंदी बाराऐवजी वीस दिवस आधी ठेवा, कारण तिकिटं काढलेल्या माणसाला स्टील सोडायला कोणी थांबवू शकत नाही.